विसाव्याचा तास

आदल्या दिवशी काही म्हणजे काहीच घडलं नाही. पुढे प्रणोतीला याचाच जास्त त्रास झाला. भांडण झालं असतं, दूध उतू गेलं असतं, आईने जिन्यावर थांबून छातीवर हात दाबला असता, तर नंतर धरून बसायला काहीतरी राहिलं असतं. पण तो दिवस सरळ आला आणि सरळ गेला. हिंदी मुलखातल्या त्या शहरात, दीक्षितपुऱ्यातल्या त्या घरात सकाळी ऐकू येणारा आवाज एकच, बाबांचा. फॅक्टरीतून निवृत्त झाल्यावर अच्युतरावांचे कान हळूहळू उतरत गेले होते, आणि आपल्याला ऐकू येत नाही म्हणजे जगालाही येत नसणार अशा समजुतीने ते बोलत. "अनसूया, पोह्यात मीठ टाकायचं राहिलं काय?" त्यांनी विचारलं. आईने पाठमोरीच कानाची पाळी चिमटीत धरली. ऐकलं, असा त्याचा अर्थ. "ऐकलं तर मग बोलून काहून नाही राहिली?" "शाळेसाठी वाचवून राहिली असेल," प्रणोती म्हणाली, आणि ते बाबांच्या कानात शिरावं म्हणून तिला दोनदा म्हणावं लागलं. बाबा हसले. येणाऱ्याजाणाऱ्याला ते नेहमी सांगत, "हिचा घसा गेला अन् माझे कान गेले. पत्रिका पाहणाऱ्याची काही चूक नाही झाली बघा." आईने मिठाची वाटी त्यांच्यापुढे सरकवली, रुमालात बांधलेले रंगीत खडू पर्समध्ये टाकले आणि ती निघाली. कोपऱ्यावर ई-रिक्षा येईपर्यंत ती उभी होती, हे प्रणोतीने खिडकीतून पाहिलं. पाहिलं असं तरी कसं म्हणायचं. नजर त्या बाजूला होती एवढंच.

आईची शाळा कांचघरच्या पुढे, रेल्वेच्या रुळांना लागून वसलेल्या वस्तीत. सरकारी प्राथमिक. तिथे घरोघरी बायका बिड्या वळतात, पुरुष हमाली करतात किंवा करायला जातो असं सांगून निघतात. तिसरी आणि चौथी एकाच खोलीत, आणि दोन्हींना मिळून एक आई. तिने खोलीच्या दोन टोकांना दोन फळे लावून घेतले होते. अर्धी मुलं एकीकडे तोंड करून बसत, अर्धी दुसरीकडे, पाठीला पाठ लावून. मधल्या चिंचोळ्या वाटेत ती उभी. तिसरीला भागाकार समजावताना चौथीने शुद्धलेखन करायचं, मग उलट. पत्र्याच्या छपराखाली, मालगाडी गेली की तिच्या वरचा सूर लावत, तीस वर्षांच्या वर ती अशी बोलत आली होती. आणि संध्याकाळी घरी यायची ती रिकामी होऊन. मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या, मग चहा, मग खिडकीजवळची वेताची खुर्ची. डोळे मिटलेले, दोन्ही हात मांडीवर उताणे ठेवलेले. या खुणेचाही अर्थ ठरलेला होता. आता कोणी काही विचारू नका.

त्या संध्याकाळीही ती तशीच बसली. प्रणोती चहाचा कप घेऊन शेजारी आली. तिला सांगायचं होतं की नागपूरच्या एका कॉलेजात ग्रंथपालाची जागा आहे, त्यांनी बोलावलंय, आणि तिचं अजून ठरत नाहीये. खरं तर सांगायचं नव्हतं, विचारायचं होतं. मी गेले तर चालेल का. 'चालेल' हा शब्द आई कशी उच्चारते, मध्ये थांबते की नाही, तेवढं ऐकलं असतं तरी तिचं ठरलं असतं. "आई," ती म्हणाली. आईने डोळे किलकिले केले, ओठांचा एक कोपरा हसल्यासारखा केला आणि डोळे पुन्हा मिटून घेतले. हात होते तसेच राहिले, पंज्याच्या रेषांमध्ये खडूची निळी पूड. प्रणोती कप घेऊन आत गेली. उद्या विचारू, असं तिला वाटलं; खरं तर तसंही काही वाटलं नाही. या घरात पस्तीस वर्षं काढलेल्या माणसाला त्या हातांपुढून उठून जायला विचार करावा लागत नव्हता.

आणि ती खूण तर तिचीच होती. ती सात वर्षांची असताना आईच्या घशात गाठी निघाल्या, ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी काही आठवडे एक शब्दही बोलू नका असं बजावलं. प्रणोती तेव्हा कॉन्व्हेंटमध्ये होती. आपल्या शाळेत आईने तिला घातलं नव्हतं; या शाळेतल्या मुलीला पुढे काय काय मिळत नाही हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक असणार. तर दुपारी कॉन्व्हेंटमधून इंग्रजी गाणी घेऊन ती घरी येई आणि दारात एक मुकी आई हसत उभी असे. लहान मुलाला भीती वाटावी असंच ते होतं, पण प्रणोतीने त्याचा खेळ केला. कानाची पाळी म्हणजे ऐकलं. हनुवटीवर बोट म्हणजे थांब, विचार करते. पेला धरल्यासारखी मूठ ओठांशी नेली की पाणी. तळहात हवेत पालथा-उलथा म्हणजे पुन्हा एकदा कर. रोज एखादी नवी निघे, आणि बाबा कारखान्यातून आले की दोघी त्यांच्यासमोर हातवारे करून त्यांना हैराण करत. एके दुपारी शेजारच्या बायका भेटायला आल्या आणि त्यांच्या प्रश्नांना पाटीवर लिहून उत्तरं देता देता आई रडकुंडीला आली. त्या गेल्यावर सात वर्षांच्या प्रणोतीने तिला वेताच्या खुर्चीत बसवलं, तिचे हात धरून मांडीवर उताणे ठेवले आणि म्हणाली, "तुला कोणाशीच बोलायचं नसेल ना, तर असं करायचं. मग कोणी बोलायचं नाही. मीपण नाही." आईने तिला जवळ ओढून घेतलं होतं. त्या मिठीला औषधाचा वास होता. आपण काहीतरी फार मोठं दिलंय, असं प्रणोतीला कितीतरी दिवस वाटत राहिलं.

आठवडे संपले, आवाज परत आला. बारीक, काठाला झिजलेला. जपून वापरा, डॉक्टर म्हणाले. आई जपून वापरू लागली, म्हणजे घरी वापरेनाशी झाली. जो होता तो सगळा रुळांकडच्या खोलीत जाई. घरात उरली कुजबुज आणि प्रणोतीच्या खुणा. बाहेर सगळीकडे हिंदी, भाजीवाल्याशी, रिक्षावाल्याशी, मैत्रिणींशी, आणि ती हिंदी खणखणीत. मराठी तेवढी हळू आवाजात. कितीतरी दिवस तिला वाटायचं की मराठी ही भाषाच हळू बोलायची आहे. बारा-तेरा वर्षांची असताना नागपूरला कोणाच्या तरी लग्नात दोन आत्या मानपानावरून मराठीत कडाडून भांडल्या, तेव्हा माणसं रात्रीच्या कपड्यांत रस्त्यावर आल्यासारखी ती संकोचून गेली होती. पुढे ती पुस्तकांत शिरली. पुस्तकांतली माणसं पानंच्या पानं एकमेकांशी बोलत. आया मुलींशी बोलत. तिने ग्रंथपालाचं काम घेतलं तेव्हा बाबा म्हणाले होते, "चलो, घरचाच धंदा झाला. गप बसायचा." आई हसली होती. प्रणोतीही हसली होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी लायब्ररीत फोन वाजला. शाळेच्या मुख्याध्यापिका नेमा मॅडम. त्या आधी रडल्या आणि मग बोलल्या, त्यामुळे प्रणोतीला काय ते शब्दांच्या आधीच कळलं. बाकीचं नंतर तुकड्यातुकड्याने जुळत गेलं. मुलांना मध्यान्ह भोजनात खिचडी होती. जेवणं झाल्यावर आईच्या वर्गात एक तास शांततेचा असे, हे प्रणोतीला तेव्हा पहिल्यांदाच समजलं. मुलं त्याला 'मैडम का टेम' म्हणत. आई खुर्चीत बसे, डोळे मिटे, हात मांडीवर उताणे ठेवी, आणि तिसरी-चौथी मिळून सगळी खोली गप्प राहून आपापलं लिही. काही लागलं तर खुणा. त्या दिवशीही ती बसली, हात ठेवले, आणि वर्ग गप्प झाला. एका मुलाने पेन्सिल मागितली ती खुणेने. एकाला बाहेर जायचं होतं, तो खूण करून जाऊन आला. सगळी गणितं झाली. घंटा वाजली तेव्हा चौथीची मुलं वह्या दाखवायला तिच्यासमोर रांगेत उभी राहिली, आणि तीही गप्पच उभी राहिली, मॅडमचे डोळे उघडेपर्यंत. शेजारच्या वर्गातल्या बाईंनी डोकावलं म्हणून कळलं. हॉस्पिटलमधला तरुण डॉक्टर चांगला माणूस होता. तो एवढंच म्हणाला की थोडं आधी आणलं असतं तर प्रयत्न करता आले असते. तो ते न म्हणता तरी कसा राहणार.

तेरा दिवस झाले, माणसं आली आणि गेली. बाबा खालच्या आवाजात बोलू लागले. आपला आवाज त्यांना कसा मोजता आला कोण जाणे. घरात खुणांची गरज उरली नाही. प्रणोती लायब्ररीत जाऊ लागली. पुस्तकं घेताना, देताना, पावसाने फुगलेली पानं वजनाखाली ठेवताना तिच्या मनात एकच गोष्ट फिरत राहायची. एवढी सगळी मुलं. एकाने ओरडायचं होतं. गल्लीत, नळावर ज्यांचा आवाज चार घरं ऐकतात, त्यांतल्या एकाने फक्त 'मैडम' एवढं मोठ्याने म्हणायचं होतं. आपला सगळा आवाज तिने ज्यांच्यावर खर्च केला, त्यांच्यापैकी एकाकडूनही तो तेवढ्या एका वेळी परत मिळू नये. या रागाला कुठे जागा नव्हती. नऊ वर्षांच्या मुलांवर रागवतात का. मग तो फिरून फिरून त्या खुणेपाशी येई, आणि तिथे आलं की ती उठून उगाच कपाटं लावू लागे.

नेमा मॅडमचा पुन्हा फोन आला. "बेटा, एक बार आ जाओ. बच्चे बोलते ही नहीं." प्रणोतीला आधी समजलं नाही. नव्या शिक्षिका आल्या होत्या, पण मुलं दिवसभर हातांनीच बोलत होती. तपासणीला आलेल्या साहेबांनी विचारलं, काय हो, ही मुक्यांची शाळा कधी झाली. आणि चौथीतली दीपा, मॅडमच्या अगदी समोर बसणारी, शाळेतच येत नव्हती. घरीही बोलत नव्हती. "तुम मैडम की बेटी हो. तुमको देखेगी तो शायद..." नेमा मॅडमनी वाक्य सोडून दिलं. प्रणोती नाही म्हणणार होती. दुसऱ्या दिवशी ती गेली, का गेली हे तिलाही नीट सांगता आलं नसतं. कदाचित ते मूल एकदा पाहायचं होतं, ज्याने ओरडायला हवं होतं.

खोली तिच्या कल्पनेपेक्षा लहान निघाली. दोन टोकांना दोन फळे, तरटाच्या लांब टाटपट्ट्यांवर पाठीला पाठ लावून बसलेली मुलं, छपराचा तापलेला वास आणि त्यात मुलांच्या बोटांना लागलेला, बिडीच्या तेंदूपानांचा वास. ती दारात उभी राहिली आणि तिला दिसले ते हात. एक मुलगी कानाची पाळी धरत होती. एकाने हनुवटीवर बोट ठेवलं होतं. पलीकडे एक तळहात पालथा-उलथा झाला आणि ज्याला सांगितलं त्याने मुकाट्याने ओळ खोडून पुन्हा लिहायला घेतली. प्रणोतीच्या घरातली भाषा, दोन माणसांची, तिच्या सातव्या वर्षातली, ती इथे इतक्या हातांनी बोलली जात होती. कपाटात जपून ठेवलेली साडी परक्या दोरीवर वाळताना दिसावी तसं झालं. मग तिच्या लक्षात आलं की काही खुणा तिला कळतच नाहीत. दोन बोटं एकमेकांवर घासणं, कपाळावर टिचकी, मुठीत अंगठा लपवणं. ही मुलं त्या भाषेत तिच्या पुढे निघून गेली होती. आई त्यांच्याशी इथे रोज बोलत असणार, काहीतरी नवं, आणि संध्याकाळी तेवढे जुने चार शब्द घरी आणत असणार. दाराशी बसलेल्या एका मुलाने वर पाहून तिला एक खूण केली. तिला ती समजली नाही. त्याने शेजारच्याकडे पाहून खांदे उडवले.

दीपाला तिची आई हाताला धरून घेऊन आली. "जाने का हो गओ मोड़ी को," ती नेमा मॅडमना पोरीबद्दल सांगत होती, "न हँसे, न बोले. पैले तो मोहल्ला सिर पे उठाए रहती ती." मग प्रणोतीकडे पाहून तिने डोक्यावरचा पदर सारखा केला. तिचा चेहरा प्रणोतीला वाचता आला नाही. भीतीच असावी. मुलीने काही केलं असेल आणि आता मॅडमची मुलगी जाब विचारायला आली असेल, अशी.

नेमा मॅडम दीपाच्या आईला घेऊन व्हरांड्यात गेल्या. नव्या बाई फळ्यावर लिहीत राहिल्या. प्रणोती खाली टाटपट्टीवर बसली, दीपाच्या समोर. समोरचा एक दात अर्धा आलेला, वेण्या घट्ट बांधलेल्या, फ्रॉकचं एक बटण वेगळ्या रंगाचं. हीच ती, असं प्रणोतीच्या मनात आलं, आणि त्या विचाराबरोबर जो राग यायचा तो आलाच नाही. तो येईल म्हणून ती थोडी थांबलीसुद्धा.

"तुम मैडम के सामने बैठती थी?"

दीपाने मान हलवली. बऱ्याच वेळाने, जणू कोणी वर्गात हजेरी घेतंय अशा सपाट आवाजात ती बोलू लागली. "हमने पानी वाला करके दिखाया था. मैडम का मुँह सूखा लग रहा था."

"फिर?"

"मैडम ने देखा नईं."

"फिर?"

"फिर हम बैठ गए. मैडम का टेम था." तिने टाटपट्टीचा एक धागा उपसला. "पीछे वाले हँस रए थे. हमईं ने सबको चुप कराया."

डॉक्टरचं वाक्य प्रणोतीच्या जिभेवर होतं. इतके दिवस ते तिथेच होतं, जेवताना, बाबांना औषध देताना. ते तिने गिळलं. "तुम्हारी कोई गलती नहीं है," ती म्हणाली. अशा वेळी जे म्हणतात ते म्हणाली, आणखी दोन वाक्यं त्याच जातीची म्हणाली. दीपाने ती शांतपणे ऐकली आणि कानाची पाळी चिमटीत धरली. ऐकलं. त्यापलीकडे काही नाही. पटलं नाही, पोचलं नाही, फक्त ऐकलं. त्या चिमटीच्या या बाजूला बसल्यावर कसं वाटतं हे प्रणोतीला नीट ठाऊक होतं. समोरचं दार लोटलेलं असतं, कडी मात्र नसते, आणि ढकलायचा धीर होत नाही.

तिने आपले हात मांडीवर उताणे ठेवले. मग म्हणाली, "ये वाला, हाथ ऐसे रखने वाला, मैडम का नहीं था. मैंने बनाया था. तुमसे भी छोटी थी तब."

दीपाने पहिल्यांदा सरळ तिच्याकडे पाहिलं. "झूठ."

"सच्ची."

"काए बनाया?"

"मैडम का गला दुखता था. लोग बहुत बुलवाते थे. मैंने सोचा, ऐसे बैठेंगी तो कोई नहीं बोलेगा."

दीपाने हे तपासून घेतल्यासारखं केलं. तिच्याही हेतूशी ते जुळत असावं. "फिर आप भी नईं बोलती थीं?"

"नहीं. मैं भी उठ के चली जाती थी. जैसे तुम बैठ गईं."

"अच्छा लगता था?"

असं तिला कोणी विचारलं नव्हतं. बाबांनी नाही, आईने नाही, तिने स्वतःलाही नाही. "पहले लगता था," ती म्हणाली. "बाद में नहीं."

"तो मैडम से कही काए नईं?"

"वो थकी रहती थीं."

दीपाने मान हलवली. थकून आलेली आई तिला नवी नव्हती. मागे कोणाची तरी पेन्सिल थांबली होती. पाठ करून बसलेली तिसरीची मुलंही मागे वळून बघत होती, आणि हातांची हालचाल बंद पडली होती. "कहना का था?" दीपाने विचारलं.

प्रणोती हिंदीत शब्द जुळवू लागली. जुळले, पण ते वाक्य त्या भाषेत नव्हतंच. ते जिथे होतं तिथे हळू बोलायची रीत होती, म्हणून ते तिच्या तोंडून आलं तसंच आलं, श्वासाइतकं.

"सुनाई नईं दिया," दीपा म्हणाली.

रुळांवरून मालगाडी जायला लागली. पत्रा थरथरू लागला. फळ्याजवळच्या बाई लिहायच्या थांबल्या, दीपा गुडघ्यांवर पुढे सरकून तिच्या तोंडाकडे बघत राहिली, आणि प्रणोतीने गाडी संपायची वाट पाहिली नाही. तिच्या घशातून निघालेला आवाज तिला अनोळखी होता, जाड, लग्नातल्या त्या आत्यांसारखा, आणि व्हरांड्यातल्या दोन्ही बायका दारात येऊन उभ्या राहीपर्यंत तो चढत गेला.

"आई, माझ्याशी बोल ना गं. थकली असलीस तरी बोल."